सासूबाईंच्या नावावरचा गांजा

विल्मारचा फोन आला तेव्हा मी टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघालो होतो. त्या दिवशी मी आंघोळ केलीच नाही, यावरून फोन कसला होता ते समजून घ्या. विल्मार म्हणजे माझ्या बायकोचा, मिर्ताचा, भाऊ. तो माल्दोनादोला समुद्राकाठी राहतो आणि तिथून आम्हाला माँटेव्हिडिओत सल्ले देतो.

"आईच्या हातून किटली पडली म्हणे," तो म्हणाला. "आज किटली पडली, उद्या ती पडेल. तिचे हात गेलेत, एबेर. इथे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय मी. बाग आहे, नर्स आहेत. तिच्या वाढदिवसाला येतो तेव्हा बघतो. स्वतःचा माते स्वतः ओतून घेता येत असेल तर राहू दे तुमच्याकडे. नसेल तर गाडीत बसवून घेऊन येतो."

किटलीची बातमी एवढ्या लांब कोणी पोचवली, हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर सुल्माबाई राहतात. निवृत्त नोटरी. आमच्या घरात चमचा पडला तरी त्या वर बघतात, इथे तर किटली होती.

आता विल्मारची ही परीक्षा कोणाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे माणूस धडधाकट आहे की नाही हे डॉक्टर नंतर सांगतो, माते आधी सांगतो. माते म्हणजे आमचं चहासारखं पेय: काखेत थर्मास, हातात भोपळ्याचं भांडं, त्यात येर्बाचा पाला, वरून गरम पाणी, आणि नळीने तो कडू रस चोखायचा. एकाच भांड्यातून सगळ्यांनी, पाळीपाळीने. पाणी ज्याच्या हातात, घर त्याचं. बाकीचे सगळे पाहुणे. या घरात पाणी कायम सासूबाई देल्मिरा यांच्या हातात होतं. घरही त्यांचंच, कागदोपत्री आणि एरवीही. मी तिथे लग्न झाल्यापासून राहतो, म्हणजे बराच जुना पाहुणा.

माते पिऊन भांडं परत देताना "आभारी आहे" म्हटलं की "बास, आता मला नको" असं समजतात. सासूबाई मला भांडं द्यायच्या ते सगळ्यांचं पिऊन झाल्यावर, पाल्यातला जीव गेल्यावर. तो पांचट पाणीदार घोट घेतला की मी लगेच आभार मानून मोकळा व्हायचो. त्यांनाही तेच हवं असायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या घरात मी दुसरा पेला फारसा प्यायलेलो नाही.

मग सासूबाई माल्दोनादोला गेल्या तर माझं काय बिघडणार होतं, असं तुम्ही विचाराल. मलाही पहिला अर्धा तास तसंच वाटलं. पण मिर्ता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती, आणि शेजारच्या खोलीत सासूबाईंनी रेडिओचा आवाज एकदम वाढवला. आमच्या भिंती पातळ आहेत. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं, आणि आता आम्हाला त्यांचं काही ऐकू जाऊ नये म्हणून तो रेडिओ होता. या बाईने मला आयुष्यभर पाण्यात पाहिलं, पण तिला कोणी असं उचलून नेलेलं मला बघवलं नसतं.

मलमाची गोष्ट इथून सुरू होते. वरच्या मजल्यावरचा ओमर गच्चीवर बादल्यांमधून गांजा लावतो, आणि त्याची बायको निबिया त्या फुलांचं मलम करते. मागच्या वर्षी तिने सासूबाईंना एक छोटी डबी दिली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याने बोटं सैल पडत होती. ती डबी कधीच संपली, आणि ओमरच्या यंदाच्या सगळ्या पिकाला बुरशी लागली. पुढचं पीक उन्हाळ्याशिवाय नाही. बाहेर तर हिवाळा, आणि वाढदिवस वसंतात.

"मग मी घरात लावतो," मी म्हणालो.

ओमर माते चोखायचा थांबला. "तू? अरे, तुझ्या हातून पुदिना मेला होता. पुदिना मारायला कर्तृत्व लागतं."

"मातीत मेला. मी पाण्यावर लावणार. मातीबिती काही नाही, पाइपातून पाणी फिरत राहतं आणि मुळं त्यात लोंबतात. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलीत मी, ओमर. पाण्याचं तू मला सांगू नकोस."

त्या शेवटच्या वाक्याने पुढे माझे जे हाल केले ते येईलच. खात्यात मी तक्रारींना उत्तरं लिहिण्याच्या विभागात होतो आणि तीस वर्षांत एका नळाचा वायसर बदललेला नाही, हे ओमरला सांगण्याची मला तेव्हा गरज वाटली नाही.

आता आमच्याकडे घरात गांजा लावायला कायद्याची आडकाठी नाही. पोस्टात जाऊन नाव नोंदवायचं, आणि एका घरात सहाच झाडं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खिडकीतल्या बाईंनी राहत्या जागेचा पुरावा मागितला. मी विजेचं बिल दिलं. ते सासूबाईंच्या नावावर. पाण्याचं दिलं, तेही त्यांच्याच. टेलिफोनचं, पालिकेच्या कराचं, सगळं देल्मिरा, देल्मिरा, देल्मिरा.

"तुमचं नाव कशावर आहे?" बाईंनी विचारलं. आवाजात कुजकटपणा नव्हता, उलट थोडी माया होती. तेच जास्त लागलं.

"मी जावई आहे," मी म्हणालो.

"मग ज्यांचं घर आहे त्यांनाच घेऊन या."

तर दुसऱ्या दिवशी लोकरीची कॉलर असलेला कोट घालून सासूबाई टॅक्सीने पोस्टात आल्या. "व्यवसाय?" बाईंनी विचारलं. "शिंपीण होते," सासूबाई म्हणाल्या, "आता गांजा." मागची सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. मग सही करायची वेळ आली. त्यांनी पेन उचललं, ते पडलं. पुन्हा उचललं. बोटं मिटेनात. शेवटी पेन मुठीत धरून, दुसऱ्या हाताने मनगट दाबून त्यांनी एकेक अक्षर काढायला घेतलं. मी खाली फरशीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की विल्मार या वेळी इथे नाही हे किती बरं आहे.

बाहेर आल्यावर मात्र त्यांची मान ताठ. "म्हणजे कायद्याने झाडं माझी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कोण, जावईबापू?"

"मी लावणार आहे ती."

"म्हणजे पाणक्या," त्या म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

स्वयंपाकघरामागे एक लहान खोली आहे, पूर्वी मोलकरणीची होती, नंतर सासूबाईंच्या शिवणयंत्राची. ते यंत्र हलवताना माझी कंबर धरली. मग पाइप आले, टाकी आली, पंप आला, छतापासून लोंबणारा भला मोठा दिवा आला. दुकानातली बाई मला सारखी "आजोबा" म्हणत होती आणि प्रत्येक "आजोबा"बरोबर एक नवी बाटली समोर ठेवत होती. एक मुळांसाठी, एक पानांसाठी, एक आधीच्या दोघींचं भांडण मिटवण्यासाठी. व्यवस्था अशी होती की पंप टाकीतलं पाणी वर चढवणार, ते आडव्या पाइपातून रोपांच्या मुळांना भिजवत जाणार आणि टोकाच्या बारीक नळीतून परत टाकीत पडणार. मला ती व्यवस्था इतकी आवडली की मी पहिला दिवस नुसता स्टुलावर बसून पाणी पडताना बघत होतो.

बी रुजलं आणि सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत गांजा न लावणाराही गांजावर बोलतो. खाटिक म्हणाला, थोडं रक्त घाला. औषधांच्या दुकानातला म्हणाला, ॲस्पिरिन घाला. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी रस्त्यात अडवून विचारलं की तुमच्याकडे जांभळा दिवा चोवीस तास जळतो, सगळं ठीक आहे ना, म्हणजे घरात कोणी आजारी नाही ना. ओमर तर रोज यायचा. काखेत थर्मास घेऊन दारात उभा राहायचा, झाडांकडे बघायचा आणि फक्त "अं" म्हणायचा. माणसाने शिवी द्यावी, पण असं "अं" म्हणू नये.

मी घरातल्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून एकदाच काय ते नीट समजावलं. आमच्या शहरात माते पिऊन झाला की ओला चोथा जवळच्या कुंडीत रिकामा करायचा, हे काही कोणी कोणाला शिकवत नाही. हात आपोआप कुंडीकडे जातो. इथली सगळी जिरेनियमं चोथ्यावर पोसलेली आहेत. "ही झाडं वेगळी आहेत," मी म्हणालो. "यांना फक्त पाणी आणि बाटलीतलं औषध. माती नाही, खत नाही, आणि चोथा तर अजिबात नाही." मिर्ताने मान डोलावली. ती चोथा तशीही कचऱ्यातच टाकते. तिच्याकडे तीन रंगांच्या तीन पेट्या आहेत आणि कोणी चुकीच्या पेटीत काही टाकलं तर ती हात घालून बाहेर काढून दाखवते. सासूबाई माझं भाषण चालू असताना रेडिओचं स्टेशन शोधत होत्या.

मग एक दिवस सुल्माबाई वर आल्या. वास येतो म्हणाल्या. मी म्हणालो, अजून फुलंच नाहीत तर वास कुठला. "मग येणार आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते पाणी. माझ्या दिवाणखान्याच्या छताला चुन्याची नक्षी आहे, एबेर. माझ्या वडिलांनी कारागीर बोलावून द्राक्षांचे घोस करून घेतलेत. त्यातल्या एका द्राक्षाला थेंब लागला तर मी तोंडी बोलणार नाही, कागद करीन. आणि विल्मारलाही कळवीन. त्याला काळजी वाटते."

"पाण्याची काळजी करू नका. मी पाणीपुरवठा खात्यात होतो," मी म्हणालो. बघा, पुन्हा तेच.

सहापैकी दोन झाडं नर निघाली. नराला मलमाच्या कामाची फुलं येत नाहीत, वर तो बाकीच्यांना बी धरायला लावतो आणि फुलं वाया जातात, म्हणून उपटावा लागतो. सासूबाईंनी निकाल शांतपणे ऐकला. "काढून टाका," त्या म्हणाल्या. "घरात एक पुरुष आहे, तोही काही कामाचा नाही." राहिली चार.

हिवाळा सरता सरता दक्षिणेचं वादळ आलं आणि भर दुपारी वीज गेली. पंप थांबला. मुळं उघडी पडली की सुकायला वेळ लागत नाही. मी आणि मिर्ता पेल्या-पेल्याने पाणी घालत राहिलो, संध्याकाळ होईपर्यंत. सासूबाईंनाही मदत करायची होती. त्यांनी पेला उचलला आणि तो माझ्या पायावर सांडला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही मनगटांमध्ये टॉर्च धरून आम्हाला उजेड दाखवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिर्ता, त्या माल्दोनादोच्या बागेत म्हणे हायड्रेंजिया आहेत. मला हायड्रेंजिया आवडत नाहीत." मिर्ताने पाणी घालणं थांबवलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.

झाडं वाचली, पण खचली. दुकानातली बाई म्हणाली, "आजोबा, फुलं तयार व्हायला आता आणखी तीन आठवडे धरा." वाढदिवस तर दोन आठवड्यांवर येऊन ठेपला होता. मी विल्मारला फोन करून म्हटलं की जरा पुढे ढकलू, आईला सर्दी आहे. "वाढदिवस कसा पुढे ढकलतात, एबेर?" त्याने विचारलं.

मला झोप लागेना. सासूबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या पहाटे उठून झाडांच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आमच्या त्या ओल्या थंडीत घरातली तीच एक जागा उबदार होती, दिव्यामुळे. "माझी झाडं आहेत, मी राखण करते," त्या म्हणायच्या. "आणि तुम्ही आत यायचं नाही. तुम्हाला बघून ती बावरतात." मी म्हटलं, बसू दे बिचारीला, आता किती दिवस. आतून अधूनमधून टकटक यायची, ती मला पंपाची वाटायची.

मधे ओमर आला, पाइपात डोकावला आणि या वेळी "अं"च्या पुढे गेला. "पाणी तपकिरी दिसतंय रे."

"औषधाचा रंग आहे तो," मी म्हणालो.

"आणि पातळी चढलीये."

"मुळं वाढलीयेत. जागा खातात." मी इतक्या सहज बोललो की माझाही त्यावर विश्वास बसला.

वाढदिवस रविवारी आला. विल्मार सकाळीच हजर, हातात पेस्ट्रीचा खोका आणि त्या आश्रमाचं रंगीत पत्रक. ते त्याने टेबलावर पावाच्या टोपलीला टेकवून उभं केलं, म्हणजे जेवताना सगळ्यांना हायड्रेंजिया दिसत राहाव्यात. ओमर आणि निबिया होते. सुल्माबाईंनाही बोलवावं लागलं, कारण न बोलावता त्या आल्याच असत्या. पालकाची रव्योली झाली, केक झाला. मिर्ताने आणि मी आदल्या दिवशी ठरवलं होतं की माते ती ओतेल. तिने थर्मास उचलला.

"आईला ओतू दे," विल्मार म्हणाला.

"आज तिचा वाढदिवस आहे. आज तिने आरामात बसायचं."

"तिच्याच वाढदिवसाला ती ओतायची ना नेहमी? लहानपणापासून बघतोय मी." त्याने मिर्ताच्या हातातून थर्मास घेतला आणि आईसमोर ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "आई, मला वाईटपणा घ्यायचा नाहीये गं. मला फक्त बघायचंय." आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याचाही चेहरा उतरला होता.

सासूबाईंनी हात टेबलावर ठेवले. बोटं वाकडी, सांधे सुजलेले. सुल्माबाई म्हणाल्या, "मी चष्मा घेऊन येते," आणि खाली गेल्या, म्हणजे नीट बघायला मिळावं. आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो. सासूबाईंचा उजवा हात थर्मासकडे निघाला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सुल्माबाई आल्या होत्या. केस ओले, खांद्यावर चुना, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि तळहातावर चुन्याच्या द्राक्षांचा अख्खा घोस.

"हा," त्या म्हणाल्या, "माझ्या पियानोवर पडला."

आम्ही सगळे मागच्या खोलीकडे धावलो. दार उघडलं तर फरशीवर पाणी, बुटाचे तळवे बुडतील इतकं. आडवा पाइप भरून दोन्ही कडांवरून वाहत होता, पंप बिचारा इमानाने आणखी पाणी चढवत होता, आणि दोन झाडं मुळांसकट बाहेर येऊन आडवी पडली होती. मी पंप बंद केला. वाढदिवसाचा पांढरा शर्ट घालून त्या पाण्यात पोटावर झोपलो, आणि परतीच्या नळीत बोटं घालून जे होतं ते ओढलं. मूठभर लगदा बाहेर आला. मग आणखी मूठभर. हिरवट-तपकिरी, ओला, ओळखीचा.

"चोथा," ओमर वरून म्हणाला.

माझं टाळकंच फिरलं. इतक्या महिन्यांची मेहनत, वादळातून वाचवलेली झाडं, आणि कोणीतरी त्यांच्या पायाशी चोथा ओतला होता, कुंडीत ओततात तसा. "कोणी केलं हे?" मी गुडघ्यांवर उठून विचारलं आणि ओमरकडे बघितलं, कारण थर्मास कायम त्याच्याच काखेत असतो.

"मला कुंडी आणि गटार यातला फरक कळतो," ओमर म्हणाला.

तेव्हा माझ्या मुठीकडे माझं लक्ष गेलं. लगद्यात नारिंगी काहीतरी होतं. संत्र्याच्या सालीचे बारीक वाळके तुकडे. साल चुलीवर वाळवून मातेत घालणारं अख्ख्या इमारतीत एकच माणूस आहे, सासूबाई. आणि किटली पडल्यापासून त्यांचा माते मिर्ताच करून देते, ती साल घालत नाही, पोटाला वाईट म्हणते. म्हणजे हा माते मिर्ताने केलेला नव्हता. मी मिर्ताकडे बघितलं. तिनेही साल बघितली होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आईने केलं ना हे?" मागून विल्मारचा आवाज आला. "पहाटे ती इथे बसते, मिर्ता म्हणाली मला. अरे, मी हातांचं बोलत होतो. तिला पाइप कुठला आणि कुंडी कुठली हेही कळेनासं झालं असेल तर मग काय राहिलं? मग तर आजच न्यायला हवं."

मी मूठ आवळली. साल आत गेली.

"मी टाकला," मी म्हणालो.



"तू?" ओमर म्हणाला.

"मीच. सवयीने. रोज सकाळी पितो, आणि लक्ष नसतं."

ओमरने माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "तीस वर्षं. पाणीपुरवठा." हे वाक्य तो आता माझ्या अंत्ययात्रेतही म्हणणार, हे मला तिथेच कळलं. सुल्माबाई म्हणाल्या, "लिहून द्याल?" मी म्हणालो, देतो. आणि मूठ पँटच्या खिशात रिकामी केली.

"माझ्या वाढदिवसाला माझ्या घरात कोणी खोटं बोलायचं नाही," दारातून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. "सगळे टेबलाशी या. जावईबापू, तुम्ही आधी उठा, सर्दी होईल."

आम्ही गेलो. मी ओल्या शर्टाने खुर्चीच्या कडेवर बसलो. सासूबाईंनी खिशातून काहीतरी काढून भांड्यात टाकलं. थर्मास मात्र उचलला नाही. तो त्यांनी तिरका करून डाव्या मनगटावर टेकवला, कोपर टेबलाला रोवलं, आणि उजव्या तळहाताने मागून हळूच उचलत नेला. हात थरथरत होता. थर्मासचं तोंड भोपळ्याच्या काठाला लागून टकटक वाजलं, आणि मला ती टकटक ओळखू आली. पाणी आलं, बारीक धारेने, नळीच्या कडेने, जिथे पडायला हवं तिथेच. टेबलावर एक थेंब नाही. पहिला पेला ओतणाऱ्याचा असतो, तो त्या स्वतः प्यायल्या, सावकाश. मग पुन्हा ओतला आणि विल्मारपुढे धरला.

"चोथा मी टाकला," त्या म्हणाल्या. "रोज पहाटे त्या खोलीत बसून ओतायला शिकत होते मी. सुरुवातीला निम्मं पाणी मांडीवर जायचं. मग चोथा लपवणार कुठे? कचऱ्यात मिर्ता हात घालून बघते. झाडं समोर होती. सत्तर वर्षं झाडांना चोथा घालतेय मी, एकही मेलं नाही. यांनी सांगितलं होतं की या झाडांना चालत नाही. पण हे सांगतात ते मी कधी ऐकलंय? डोकं ठिकाणावर आहे माझं, विल्मार. जावयाचं न ऐकणं याला म्हातारपण म्हणत नाहीत."

विल्मारने भांडं घेतलं. तो तळापर्यंत प्यायला, नळीचा खुळखुळ आवाज येईपर्यंत. डोळे खाली होते. "साल घातलीयेस," तो म्हणाला.

"घातलीये."

"मिर्ता घालत नाही," तो म्हणाला, आणि भांडं परत देताना, "अजून एक दे."

पावाच्या टोपलीला टेकलेलं पत्रक सुल्माबाईंनी उचललं. चष्मा नसल्याने लांब धरून वाचलं, आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. जेवण कसं देतात तिथे, असं त्यांनी विल्मारला नंतर हळूच विचारलं, ते मी ऐकलं.

झाडांचं विचाराल तर दोन तिथेच गेली. उरलेली दोन ओमरने मातीच्या बादलीत हलवली, सासूबाई त्यात राजरोस चोथा घालतात, आणि ती माझ्या पाइपांत होती त्याच्या दुप्पट झाली आहेत. ओमर गच्चीवर नेऊन मला ती दाखवतो. निबियाने उन्हाळ्यात मलम केलं. ते सुल्माबाई गुडघ्याला लावतात. सासूबाईंनी त्यात बोटही घातलं नाही, मला कशाला म्हणाल्या. पाइप मी विकायला काढलेत, घेणारा भेटला तर कळवा. द्राक्षांचा घोस मी शिडीवर चढून स्वतः चिकटवला, तो किंचित वाकडा बसला आहे, आणि सुल्माबाईंनी तसा कागद करून घेतला आहे.

पण त्या दुपारचं एक राहिलं. भांडं सगळ्यांकडे फिरून आलं, आता माझी पाळी. मी हात पुढे केला, पांचट घोट घ्यायला आणि आभार मानायला. सासूबाईंनी भांडं दिलं नाही. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, आणि माझ्याकडे बघत बघत चोथा जिरेनियमच्या कुंडीत रिकामा केला. मग परत बसून नवी येर्बा घातली, सालीचा तुकडा घातला, मनगटावर थर्मास टेकवला आणि ओतलं. पहिला स्वतः प्यायल्या. दुसरा, फेसाळ, कडू, काठोकाठ, माझ्यासमोर धरला. माझ्या खिशातली ओली साल मांडीला चिकटली होती.

"घ्या, पाणक्या," त्या म्हणाल्या.

मी तळापर्यंत प्यायलो. भांडं त्यांच्या हातात परत दिलं, आणि आभार मानले नाहीत.